पन्नास माद्या

आईने पिंजऱ्यात हात घातला तेव्हा बाहेरच्या खोलीत अक्काच्या पुढच्या आयुष्याचं काय करायचं यावर जवळजवळ एकमत झालं होतं. अक्काचं मत तेवढं घ्यायचं राहिलं होतं.

रविवारचे दुपारचे बारा वाजून गेले होते. बाथरूमचं दार लोटलेलं होतं, पण मामाचा आवाज अडवेल असं दार अजून कुणी बनवलेलं नाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस, जेवताना मीठ मागायचं असलं तरी अख्ख्या देशाला उद्देशून मागायचा. निवृत्त झाल्यावर त्याने डास मारायच्या कॉइलच्या जाहिरातीला आवाज दिला होता, आणि त्याच कॉइलवाल्यांकडे आता भाचीसाठी जागा बघून आला होता.

"पोरी, सल्लागार म्हणजे काय, तर सल्ला द्यायचा आणि घरी यायचं," तो सांगत होता. "गाडी न्यायला येणार, गाडी सोडायला येणार. जंगल नाही, चिखल नाही, तंबू नाही."

"आणि महिनोन् महिने गायब होणं नाही," हा भाऊचा, अक्काच्या धाकट्या भावाचा आवाज.

वहिनीचा आवाज येत नव्हता. वहिनी गप्प असली की ती नवऱ्याच्या विरोधात असते, हे आईला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. नात ठिणगी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाची, मध्ये मध्ये "हरकत आहे" म्हणत होती आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं.

आईपुढे पालथ्या बादलीवर हातभर लांबी-रुंदीचा पांढऱ्या जाळीचा पिंजरा होता. आत अक्काचे डास. पिंजऱ्याच्या एका बाजूला कापडी बाही शिवलेली होती. तिच्यातून हात आत सारायचा, कापड हाताभोवती घट्ट धरायचं आणि वीस मिनिटं निमूट बसायचं, की माद्यांचं जेवण होतं. हे आईला कुणी शिकवायला नको होतं. फार वर्षांपूर्वी अक्का तापाने आडवी झाली होती तेव्हा आई महिनाभर तिच्याकडे राहिली होती, आणि लेकीला पेज पाजून झाली की तिच्या डासांनाही हात देत होती. आजही मुलगी वादात अडकली आणि मुक्या जीवांची वेळ टळली, एवढंच तिच्या मनात आलं.

पहिल्या दोघी-तिघी मनगटाशी येऊन बसल्या, तेवढ्यात बाहेरून भाऊ म्हणाला, "एकोणीस वर्षं डास पाळून तिला मिळालं काय?"

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने उठायला जेवढा वेळ घ्यावा त्याच्या निम्म्या वेळात ती उठली. हात ओढताना घड्याळ बाहीत अडकलं, बाही मोज्यासारखी उलटी होऊन बाहेर आली, आणि सांधे धरलेल्या बोटांनी ती पुन्हा बांधत बसण्याइतका धीर तिच्यात नव्हता. बाथरूमचं दार सताड उघडं टाकून ती बैठकीत जाऊन उभी राहिली.

"काय मिळालं ते मी सांगते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. अक्का मात्र तिच्या डाव्या कानाच्या वर कुठेतरी बघत होती.

"आई," अक्का हळूच म्हणाली, "बाही बांधलीस ना?"

*

भाऊने घरात दोनच नियम केले होते. खाली दवाखान्यात रुग्ण असताना वर दाणदाण चालायचं नाही, आणि अक्काने आपलं एकही पाखरू या घरात आणायचं नाही. दुसरा नियम सकाळी आठ वाजता मोडला होता, तोही त्याच्या पोटच्या पोरीने आणि जन्मदात्रीने मिळून, पिंजऱ्यावर टॉवेल टाकून. दातांच्या डॉक्टरला हे कळलं ते आत्ता, स्वतःच्या नाकासमोरून एक डास तरंगत गेला तेव्हा. त्याचा हात आपोआप सोफ्यामागे गेला. तिथे डास मारायची रॅकेट असायची.

"बाबा, खबरदार," ठिणगीने रॅकेट आधीच पळवली होती.

"हे माझ्या घरात आलं कसं?"

"मी सांगते," अक्का म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि चेहरा पांढरा पडला होता. "काल दुपारी प्रयोगशाळेतलं थंड हवेचं मशीन बंद पडलं. सुट्टीचा दिवस, दुरुस्तीवाला मिळेना. बारा पिंजऱ्यांपैकी अकरा गेले. ताटल्यांतल्या अळ्या गेल्या. हा एकच वाचला. माझ्या घरी रंगाचं काम चाललंय, त्या वासाने मेले असते. म्हणून इथे आणला."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर आणू दिला असतास?"

भाऊने रॅकेटसाठी ठिणगीपुढे हात केला, तिने ती पाठीमागे लपवली.

"गुरुवारी पाहुणे येणार आहेत ना," वहिनी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "तपासायला?"

अक्काने मान हलवली. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि नसलं तरी त्या घटकेला तिने सांगितलं. हे डास एका नदीकाठावरून तिने एकोणीस वर्षांपूर्वी आणले होते. यांच्या पोटात हिवतापाचे जंतू गेले तरी वाढत नाहीत, आपोआप मरतात. का मरतात ते कळलं तर पुढे फार काही करता येईल. एवढी वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही, आणि आता कुठे परगावचे पाच जाणकार स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येत होते. त्यांना पटलं तर काम चालू. नाही पटलं तर विभाग बंद, आणि अक्काला मामाची गाडी न्यायला येणार.

"नदीकाठावर आता सिमेंटची भिंत आहे. तिथे आता एक डास मिळत नाही," अक्का म्हणाली. "जगात जे काही उरलेत ते या तुझ्या बैठकीत उडतायत."

"हे चावले तर आपल्याला ताप?" मामाने विचारलं. तो खुर्चीवर उभा राहिला होता.

"मामा, हे काचेच्या ताटल्यांत जन्मलेत. दोनशे पंच्याऐंशी पिढ्या. आजार म्हणजे काय हे यांच्या पणजोबांनीही बघितलेलं नाही."

"हिला आमचे वाढदिवस आठवत नाहीत, पण डासांच्या दोनशे पंच्याऐंशी पिढ्या पाठ," भाऊ म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याने पंख्याचं बटण बंद केलं. पंख्याच्या पात्यांत डास सापडतील हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि आपल्या लक्षात आलं याचा त्याला राग आला.

तिकडे वहिनीने घरातली डास पळवायची चारही मशीनं भिंतीतून उपटली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर ठेवली आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. लग्नात आणलेलं सामान वाचवावं तशी ती पळत होती.

"किती पकडायचे?" ठिणगीने विचारलं.

"नर नकोत. माद्यांचा संसार आधीच मांडून झालाय, त्यांना आता फक्त रक्त हवं. पन्नास माद्या आज पोटभर प्यायल्या तर बुधवारी अंडी मिळतील, गुरुवारी दाखवायला वंश राहील. पन्नासच्या खाली गेलं की दोन-तीन पिढ्यांत सगळं बसतं. एकदा बसलं होतं, मला माहिती आहे." अक्काने बाथरूममध्ये जाऊन पिंजरा बघितला. "आत सहा राहिल्यात."

"म्हणजे चव्वेचाळीस," आई म्हणाली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती आणि इतकी लहान दिसत होती की तिला रागावायचं कुणाला सुचलं नाही. "मी गाठ मारायला हवी होती गं."

"तू भांडायला आली होतीस ना माझ्यासाठी," अक्का म्हणाली. "मग झालं तर."

*

डास जिवंत पकडायचा एकच खात्रीचा मार्ग अक्काला माहीत होता, आणि जंगलात तो तिने शेकडो वेळा केला होता. पोटऱ्या उघड्या टाकून अंधारात बसायचं. डास येतो, बसतो. तो सोंड टोचायच्या आत नळीचं टोक त्याच्यावर धरायचं आणि तोंडाने हलकेच ओढायचं. नळीच्या मध्ये जाळीचा बोळा असतो, म्हणून डास तोंडात येत नाही.

"मध्ये बोळा नसला तर?" मामाने विचारलं.

"तर येतो."

नळी एकच होती. मग भाऊ उठून खाली दवाखान्यात गेला. रुग्णाच्या तोंडातली लाळ ओढायच्या पारदर्शक नळ्या, काचेच्या नळ्या, जाळीदार कापसाचे तुकडे आणि चिकटपट्टी घेऊन वर आला. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने दहा मिनिटांत चार नळ्या जोडल्या. पाचवीचं टोक त्याने कानशीने घासून असं गुळगुळीत केलं की अक्काने ते उलटसुलट करून बघितलं.

"आमच्याकडे एवढं चांगलं कुणी करत नाही," ती म्हणाली.

"तुमच्याकडे कुणी दात केले नसतील," भाऊ म्हणाला. तरी तो मनातून खूश झाला होता, आणि ते लपवायला त्याने चिकटपट्टी दातांनी तोडली. असं करू नये म्हणून तो रोज दहा रुग्णांना सांगत असे.

"पण दुपारी डास चावतात का?" मामाने विचारलं. "हे तर रात्रीचे ना?"

"यांची रात्र दुपारी बाराला सुरू होते," अक्का म्हणाली. "प्रयोगशाळेतले दिवे मी उलटे लावलेत. नाहीतर माझी सगळी नोकरी रात्रपाळीत गेली असती. पडदे ओढा."

पडदे ओढले, काचांवर चादरी टांगल्या, टॉर्चवर लाल कागद बांधला, कारण डासांना लाल उजेड दिसत नाही. बैठकीत जमिनीवर सगळे ओळीने बसले, पाय पसरून, पोटऱ्या उघड्या. एका टोकाला वहिनी, मग ठिणगी, मग मामा, मग भाऊ, आणि दुसऱ्या टोकाला अक्का. आईला खुर्चीवर बसवून पाय स्टुलावर ठेवले. कुणीतरी आत्ता दार वाजवून आलं असतं तर कुटुंबाबद्दल त्याचं काय मत झालं असतं, हा विचार सगळ्यांच्या मनात एकदमच आला, आणि ठिणगीला हसू फुटलं.

"हसायचं नाही. श्वास सोडा, पण सावकाश. श्वासाच्या वासाने ते येतात. आणि कुणी," अक्का थांबली, "कुणीही चापट मारायची नाही."

हा हुकूम पाळणं किती अवघड आहे ते ज्याने पाळलं त्यालाच कळावं. माणसाचा हात डासावर पडतो तेव्हा तो माणसाला विचारून पडत नाही. पहिल्या पाच मिनिटांत भाऊचा हात दोनदा उठला आणि दोन्ही वेळा अक्काने तो हवेत पकडला.

"मामाकडे एकही जात नाही," ठिणगी कुजबुजली.

खरंच नव्हता जात. चार जणांच्या पायांशी डास घिरट्या घालत होते आणि मामाला वळसा घालून पुढे जात होते.

"मला काय झालंय?" मामाने दुखावलेल्या आवाजात विचारलं. कुजबुजणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, शेजारच्या इमारतीतही ऐकू गेलं असेल.

"मामा, तुम्ही अंगाला काही लावलंय का?"

"कंपनीचं तेल. सकाळी थोडंसं. नमुना दिला होता त्यांनी."

त्याला उठवून दूर दाराशी बसवलं आणि मोजणीचं काम दिलं. त्याने ते काम असं घेतलं की जणू आयुष्यभर तो याचीच वाट बघत होता.

खरी मदत झाली ती वहिनीची. ती शाळेत गाणं शिकवते, आणि तिच्या कानाची या घराला भीती वाटते. दहा मिनिटं ती डोळे मिटून बसली, मग म्हणाली, "अक्का, यात दोन सूर आहेत."

"हो. नराचे पंख जास्त भरभर हलतात."

"नर वरचा. मादी बरीच खाली, जवळजवळ पंचमाचं अंतर." तिने दोन्ही सूर हलकेच गुणगुणून दाखवले. "मग मी ऐकून सांगते, तुम्ही बघत बसू नका. हा नर, सोडा. ही मादी. ठिणगी, तुझ्या डाव्या गुडघ्याकडे येतेय. अहो, तुमच्याकडे दोन."

"माझ्याकडे कायम दोन," भाऊ पुटपुटला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला वेडेपणाशिवाय दुसरं नाव नाही. अंधारात वहिनीचा आवाज, मग कुठेतरी हलकेच ओढलेला श्वास, मग नळीतली मादी लाल प्रकाशात दाखवायची, अक्का ती बघून पिंजऱ्यात सोडायची आणि दाराशी मामा म्हणायचा, "आठ." मग "नऊ". मग एकदम "अकरा". ठिणगीने एक झोकात पकडून आणली तेव्हा अक्काने मान हलवली.

"ही गटारातली. बघ, अंगाने आडवी बसलीय. आपल्या शेपूट वर करून बसतात."

"आपल्या," मामा म्हणाला. "कॉइलवाल्यांनी ऐकलं तर माझा आवाज परत घेतील." आणि स्वतःच हसत सुटला. त्याच्या हसण्याने खोली हलली. वहिनी हसली, ठिणगी हसून हसून आडवी झाली, आणि नळी तोंडात धरलेल्या भाऊला हसू येऊन ओढण्याऐवजी फुंकर गेली तेव्हा नळीतली मादी फुर्रकन बाहेर उडाली आणि आईच्या पायावर जाऊन बसली.

"हलू नकोस आई."

"मी कशाला हलतेय," आई म्हणाली. "तिला आधी पोटभर पिऊ दे."

मामाने ती तिसावी मोजली. वहिनीने नवऱ्याची पोटरी लाल प्रकाशात बघितली आणि तिला जे वाटलं ते ती उघड बोलली, कारण अंधारात बोलायला सोपं जातं. "अहो, तुम्ही तिला ती सल्लागाराची नोकरी घ्यायला लावू नका. मला नाही पटत. मी सकाळपासून गप्प बसले होते."

"ते मला कळलं होतं," भाऊ म्हणाला. "मामा, तुम्ही सांगा हिला."

मग मामाने, बातमी मागे घेताना वापरायचा त्या आवाजात सांगितलं, "मी विचार करतोय. पस्तीस."

पस्तिसानंतर आकडा पुढे जाईना. पाव तास गेला. वहिनी कान देऊन बसली होती, पण खोलीत आता फक्त वरचा सूर उरला होता. पिंजऱ्यातल्या सहा धरून एक्केचाळीस झाल्या होत्या. अजून नऊ हव्या होत्या, आणि हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. अक्का पिंजऱ्यापाशी गुडघ्यांवर बसून आतल्या माद्या पुन्हा पुन्हा मोजत होती, जणू मोजून वाढतील. आयुष्यात पहिल्यांदाच ठिणगीला आत्या म्हातारी दिसली.

"सामानाच्या खोलीत," वहिनी अचानक म्हणाली. तिने भिंतीला कान लावला होता. "आत आहेत. खालचा सूर."

*

सामानाची खोली म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला दारात राहावं लागेल एवढी. जुन्या ट्रंका, दवाखान्याची मोडकी खुर्ची, गुंडाळलेल्या गाद्या. तिथे जायचं कुणी ठरवलं नाही. भाऊ नळी घेऊन उठला, अक्का पिंजरा आणि टॉर्च घेऊन त्याच्यामागे गेली, आणि वहिनीने बाकीच्यांना हाताने थांबवून दार ओढून घेतलं.

भाऊ मोडक्या खुर्चीत बसला. दोन्ही पाय उघडे, बाह्या खांद्यापर्यंत. अक्का त्याच्यासमोर ट्रंकेवर. लाल प्रकाशात दोघांची नाकं सारखी दिसत होती.

"तुला कंटाळा आला असेल तर मी बसते," अक्का म्हणाली.

"तुझ्याकडे येणार नाहीत त्या. मी असताना तुझ्याकडे कधी आल्यात?"

हे खरं होतं. लहानपणी दोघं एका खोलीत झोपायची. खोलीतले सगळे डास भाऊला चावायचे, आणि सकाळी अक्का त्याचा सदरा वर करून पाठीवरचे चावे मोजायची, वहीत लिहायची. तिचं पहिलं संशोधन ते. भाऊला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

"बेचाळीस," ती कुजबुजली आणि नळी पिंजऱ्यात रिकामी केली.

"अक्का, तू गेलीस तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो."

"हो."

"तू जंगलात गेलीस आणि मी इथे राहिलो. बाबांचं आजारपण, आई, हे घर, सगळं. मी तक्रार करत नाहीये. मला दात आवडतात. पण तू दर वेळी येतेस ती जायचा दिवस ठरवून येतेस." डास त्याच्या दंडावर बसला होता, तरी तो हलला नाही. "मी मामांना ती जागा बघायला सांगितली. त्यांच्या डोक्यातली नव्हती ती, माझ्या डोक्यातली होती."

"मला वाटलं, तुला माझ्या कामाची काडीची किंमत नाही."

"कामाचं मला काय कळतं. ते ऑफिस इथून चालत दहा मिनिटांवर आहे. म्हणून."

अक्काने त्याच्या दंडावरची मादी ओढली. ती पिंजऱ्यात सोडून तिने नळी मांडीवर ठेवली.

"मी निघाले तेव्हा तू दारातसुद्धा आला नाहीस," ती म्हणाली. "मी वळणापर्यंत मागे बघत गेले. मला वाटलं, बरं झालं म्हणाला असशील, आता खोली सगळी आपली."

"मी पलंगाखाली होतो. रडत होतो. पंधरा वर्षांचा घोडा रडताना कुणाला दाखवतो का?" भाऊ म्हणाला. "तुझ्या मागे तुझी डासांची वही राहिली होती. ती घेऊन बसलो होतो."

"मूर्ख आहेस."

"हलू नकोस. माझ्या मानेवर आहे एक."

तिने मानेवरची ओढली. मग पोटरीवरच्या दोन. त्या येतच राहिल्या, अंधाऱ्या कोपऱ्यांतून, गाद्यांच्या वळ्यांतून, सगळ्या त्याच्याकडे, आणि ज्या माणसाने पन्नास वर्षांत एक डास जिवंत सोडला नव्हता तो डोळे मिटून बसला. बहीण त्याच्या अंगावरून एकेक वेचत होती आणि दोघं मध्येच हुंदका येऊन हसत होती. बाहेर दाराला तीन कान लागलेले होते. चौथ्या माणसाला राहवेना.

"आकडा सांगा," मामा ओरडला. "श्रोते वाट बघतायत."

"बावन्न," अक्का म्हणाली.

बाहेर जो गलका झाला तो थांबवायला शेजारच्या इमारतीतल्या बाई वर आल्या. दारात ओळीने उघड्या पोटऱ्या बघून त्या आल्या पावली परत गेल्या.

*

अक्काने पिशवीतून नोंदवही काढली आणि पिंजरा सुटला ती वेळ लिहायला घेतला.

"हे कशाला लिहितेस?" मामा म्हणाला. "मिळाल्या ना परत. गुरुवारच्या लोकांना कळायचं काय कारण?"

"कळायला हवं. त्यांनी प्रत्येक मादी भिंगाखाली घालून बघावी. माझ्याच आहेत, मला भीती नाही."

"माझ्या घरात सुटला असं लिही," भाऊ म्हणाला. "पकडणाऱ्यांत माझं नाव वर घाल. त्यांना विचारायचं असेल तर गुरुवारी मी येईन. दवाखाना बंद ठेवतो."

अक्काने त्याच्याकडे बघितलं आणि तसं लिहिलं.

मग सगळे बाथरूमपाशी जमले. पिंजरा पुन्हा बादलीवर होता आणि बावन्न माद्या जाळीला शेपूट वर करून बसल्या होत्या, भुकेल्या. आईचं रक्त पिऊन आलेली एक काय ती तृप्त होती. अक्का हाताची बाही सारू लागली तसा भाऊने तिला बाजूला केलं.

"माझा घाल. त्यांना माझंच आवडतं."

"वीस मिनिटं लागतात. खाज सुटेल."

"एकावन्न वर्षं सुटतेय."

त्याने कोपरापर्यंत हात आत सारला. अक्काने कापडी बाही त्याच्या हाताभोवती गुंडाळली आणि दोन्ही मुठींनी घट्ट धरली. एक उडाली, बसली. मग पाच. मग त्याचा हात काळा दिसेपर्यंत. वहिनी नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. पहिलीचं पोट फुगलं आणि लाल झालं, एवढुसं, कोथिंबिरीच्या बीएवढंही नाही. "एक," आई म्हणाली. या वेळी मामाने मोजणी तिला दिली होती, आणि तो चक्क गप्प होता.

आई मोजत गेली. चाळीस झाल्या, पंचेचाळीस झाल्या. पन्नासावर ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि म्हणाली, "पन्नास. आणि अजून दोघी पितायत." ठिणगीने तिला मिठी मारली. वहिनी पदर नसताना डोळे पुसायला काहीतरी शोधत होती, शेवटी तिने मामाच्या सदऱ्याला पुसले, आणि तेलाच्या वासाने शिंकली.

"झालं," अक्का म्हणाली. "सगळ्यांची पोटं भरली. काढ हात."

भाऊने हात काढला नाही.

"असू दे थोडा वेळ," तो म्हणाला.

अक्काने मूठ थोडी सैल केली, पण त्याचा हात सोडला नाही.